साठ दारं आणि एक चाकोरी

एका गावात एक रस्ता होता. रस्ता मातीचा, अरुंद, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मिळून साठ दारं. कोणाची म्हैस कोणाच्या कुंपणात शिरली, कोणाची सून माहेरून किती दिवसांनी परतली, कोणाच्या चुलीवर आज काय शिजतंय, हे सगळं त्या साठ दारांना न विचारता कळत असे. अशा गावात भर दुपारी एका बाईच्या हातावरून गाडीचं चाक गेलं, आणि ते कोणालाच दिसलं नाही. निदान सगळे म्हणाले तरी तसंच.

त्या बाईचं नाव येसाबाई. एकटी राहायची. दारापुढच्या कडुनिंबाखाली बसून बांबूच्या कामट्यांची सुपं विणायची. साठही घरांत भिंतीला टांगलेलं सूप तिच्याच हातचं होतं. वर्षानुवर्षं धान्य पाखडूनही त्याची वीण सैल होत नसे, असा तिचा हात.

त्या दुपारी रस्त्याच्या वरच्या टोकाकडून एक छकडा आला. छकडा म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी, शर्यतीत पळवतात ती. बैल इतके उधळले होते की हाकणाऱ्याला ते आवरेनात. येसाबाई उठून बाजूला झाली, पण विणत असलेलं सूप वाटेत राहिलं. ते ओढून घ्यायला तिनं उजवा हात पुढे केला. चाक सुपावरून गेलं आणि तिच्या मनगटावरून गेलं. छकडा थांबला नाही. हाकणाऱ्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

येसाबाई ओरडली तशी दारं उघडली. लोकांनी आधी छकडा कोणाचा ते पाहिलं आणि मग निम्मी दारं पुन्हा लागली. उरलेल्यांनी तिला उचलून घरात नेलं, हाड बसवणाऱ्याला बोलावलं, हळद लावली, पाणी पाजलं. हे त्यांनी केलं, ते नाकारायचं कारण नाही. पण गाडी कोणाची, असं तिनं विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले.

कोतवाल दोन कोस चालत गेला आणि संध्याकाळच्या आत ठाणेदाराला घेऊन आला. ठाणेदार कमी बोलणारा माणूस होता. त्यानं गावात दवंडी पिटवली. ज्यानं गाडी पाहिली असेल त्यानं चावडीवर यावं. बैल कसे होते, शिंगं कशी होती, घुंगरं वाजत होती का, गाडी कोणीकडे वळली, यातलं जे दिसलं असेल ते सांगावं. थोडंच दिसलं असेल तर थोडंच सांगावं. सांगणाऱ्याचं नाव बाहेर फुटणार नाही. आणि सकाळी उजेडात चाकोऱ्या पाहायच्या आहेत, तोवर कोणी रस्ता झाडू नये, दारात सडा घालू नये.

याहून सोपं काय सांगायचं असतं? पण चावडीवर एकही माणूस येईना. एकाला म्हणे डोळ्यांत धूळ गेली होती. दुसरा गोठ्यात होता. तिसऱ्यानं गाडी पाहिली होती, पण नेमके बैल पाहिले नव्हते. गाडी आपोआप चालत आली असावी.

शेवटी एक जण आला, आणि तो यायला नको होता असं म्हणायची पाळी आली. तो गुलाबशेट, कापडाचा दुकानदार. त्या दुपारी तो दुकानात गादीवर घोरत पडला होता आणि त्याला काहीही दिसलेलं नव्हतं. पण काही न दिसलेल्या माणसाला फार सांगता येतं. तो म्हणाला, गाडी मीठवाल्या तुळाजीची होती. बैल तांबडे होते. हाकणाऱ्याचे डोळे लाल होते.

तुळाजी परगावचा. दर महिन्याला गाडीभर मीठ घेऊन यायचा आणि देवळापाशी गाडी सोडायचा. त्या दिवशीही तो सकाळीच आला होता. त्याच्या बैलांना दुपारभर जूसुद्धा लागलं नव्हतं. तो हात जोडून हे सांगत होता, पण ऐकतो कोण? तो परका होता आणि सगळ्यांची सोय होत होती. मघाशी डोळ्यांत धूळ गेलेला माणूससुद्धा आता म्हणाला की बैल तांबडेच वाटले खरे.

ठाणेदारानं तुळाजीला चावडीत बसवून ठेवलं. सकाळी चाकोऱ्या पाहू, मग ठरवू, एवढंच तो बोलला.

सकाळ झाली आणि गावानं काय केलं ते ऐका. दारोदारच्या बायका केरसुण्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी रस्ता मध्यापर्यंत झाडला, शेणाचा सडा घातला, वर रांगोळ्या काढल्या. दवंडी ऐकली नव्हती का? ऐकली होती. पण दार बिनसड्याचं ठेवणं अशुभ, असं त्यांचं म्हणणं. एरवी ज्या घरात सूर्य वर आल्याशिवाय केरसुणी हलत नसे, तिथेही त्या दिवशी पहाटेच सडा पडला होता. येसाबाईच्या शेजारणीनं तर, बिचारीचा हात मोडलाय म्हणून, तिच्याही दारात सडा घातला आणि चेपलेलं सूप उकिरड्यावर फेकून दिलं. याला आपल्याकडे आपुलकी म्हणतात.

गावातल्या तरण्या मंडळींनी त्याहून मोठी मर्दुमकी केली. गुन्हेगार सापडलाच आहे, तर त्याला धडा शिकवू, म्हणून त्यांनी तुळाजीची मिठाची पोती ओढ्यात नेऊन रिकामी केली. ओढ्याच्या पाण्यात मीठ विरघळायला किती वेळ लागतो? ठाणेदाराला कळून तो ओढ्यावर पोचेपर्यंत नुसती पोती तरंगत होती.

रस्ता स्वच्छ, रांगोळ्या सुंदर, चाकोरी कुठेही नाही. ठाणेदार चावडीच्या पायरीवर बसला आणि त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तेवढ्यात लांब, चावडीच्या कोपऱ्यापाशी, एक बाई येऊन उभी राहिली. ती ठकूबाई होती. चार दिवसांपूर्वी तिचा नवरा गेला होता, घरात सुतक होतं, म्हणून ती पायरीजवळ येत नव्हती.

ती म्हणाली, "सायेब, माझ्या दारात चला. माझ्या घरात सुतक हाय. आज माझ्या दारात सडा पडला न्हाई."

 ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. सुतकाच्या घरी सडा नसतो, रांगोळी नसते, आणि शेजारणीही त्या दारात केरसुणी घेऊन जात नाहीत. साठातल्या एकोणसाठ दारांपुढची चाकोरी पुसली गेली होती. साठाव्या दारापुढे ती तशीच होती.

ठाणेदारानं तिला विचारलं, तुला काय दिसलं? ती जपून बोलली. छकडा होता. दोन्ही बैल पांढरे. उजव्या बैलाचं शिंग टोकाला तुटलेलं. गळ्यात घुंगुरमाळा वाजत होत्या. गाडी खालच्या अंगाला मळ्याच्या वाटेनं वळली.

"हाकणारा कोण होता?"

"तोंड दिसलं न्हाई. दिसलं असतं तर सांगितलं असतं."

गुलाबशेट तिथेच उभा होता. तुटक्या शिंगाचा पांढरा बैल गावात एकच आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. तो बैल इनामदारांचा. इनामदारांचे चिरंजीव फत्तेसिंगराव जत्रेच्या शर्यतीसाठी रोज छकडा पळवत. ठकूबाईची झोपडी इनामदारांच्याच जागेत होती, आणि तिच्या नवऱ्याच्या सरणाला लाकडंही इनामदारांच्याच राईतून आली होती. गुलाबशेट तिच्याकडे सरकला आणि हळूच म्हणाला की बाई, चार दिवसांत उपकार विसरलीस.

ठकूबाईनं आवाज चढवला नाही. "त्या लाकडांवर माझा मालक जळाला," ती म्हणाली. "माझं डोळं न्हाई जळालं."

मग ती ठाणेदाराकडे वळली आणि म्हणाली की काल सांजेलाच यायचं होतं, पण धीर झाला नाही. या माणसाचं मीठ गेलं त्यात माझाही वाटा आहे. तिला एक रात्र लागली, हे खरं. पण साठ घरांत चुकीची कबुली देणारी ती एकटीच निघाली.

तिच्या दारात चाकोरी स्वच्छ उमटली होती. अरुंद चाक, आणि दर फेऱ्याला मातीत एक आडवी चीर, चिरेच्या बाजूला दोन खळगे. तुळाजीच्या गाडीचं चाक रुंद होतं आणि त्याची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, अखंड होती; तिला सांध्याची चीर नव्हती की खिळ्यांचे खळगे पडत नव्हते. ठाणेदारानं दोरीनं माप घेतलं आणि हैबती लोहाराला बोलावलं. गावात धाव सांधणारा तो एकटाच.

हैबतीनं खाली वाकून पाहिलं. असं काम कुणीही करतं, तो म्हणाला. त्यानं ती चीर आदल्या संध्याकाळीच आपल्या दारात ओळखली होती आणि बायकोला पहाटे लवकर उठायला सांगितलं होतं. ते मात्र तो बोलला नाही.

तेवढ्यात येसाबाई आली. मोडका हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात ते चेपलेलं सूप. ते तिनं उकिरड्यावरून शोधून आणलं होतं. तिनं सूप हैबतीपुढे धरलं. कामट्यांवर एक आडवी चीर होती आणि बाजूला दोन खळगे.

"हैबती," ती म्हणाली, "तुझ्या घरात सूप कुणाच्या हातचं हाय?"

हैबतीला मान वर करवेना. खाली बघतच तो म्हणाला की हा सांधा माझा आहे, तीन आठवड्यांपूर्वी घातलेला, इनामदारांच्या छकड्याला.

इनामदारांच्या गोठ्यात छकडा धुऊन पुसून ठेवलेला होता. घुंगुरमाळा काढल्या होत्या. सण नाही की वार नाही, तरी बैलांची शिंगं ताज्या हुरमुजी रंगानं रंगवली होती. पण तुटलेलं शिंग रंगवलं तरी तुटलेलंच राहतं, आणि धावेवरचे दोन खिळे पाण्यानं धुतले जात नाहीत. फत्तेसिंगराव ठाणेदाराबरोबर तालुक्याला गेले. त्यांच्या वतीनं बोलायला इनामदारांनी पुष्कळ माणसं धाडली, पण चिरेचं आणि खळग्यांचं माप कोणाला बदलता आलं नाही.

आणि गावाचं काय झालं? ठाणेदार फत्तेसिंगरावांना घेऊन निघायच्या आतच साठ दारं उघडली. एकानं तुटकं शिंग पाहिलं होतं, दुसऱ्यानं घुंगरं ऐकली होती, तिसऱ्यानं तर फत्तेसिंगरावांचा फेटासुद्धा ओळखला होता. धूळ गेलेला डोळा एकदम बरा झाला. ठाणेदार निघताना घोड्यावर बसता बसता एवढंच म्हणाला, "हे काल संध्याकाळी हवं होतं." लोकांनी माना डोलावल्या, जणू तो दुसऱ्याच कोणत्या गावाबद्दल बोलत होता. मला तरी त्या माना आठवल्या की संताप येतो.

चावडीतून सुटल्यावर तुळाजीनं रिकामी गाडी जुंपली. त्याला कोणी थांबवलं नाही, कोणी माफीही मागितली नाही. तो सरळ वेशीबाहेर पडला. त्याच्याकडून ऐकून पुढे एकही मीठवाला त्या गावात यायला तयार होईना. मीठ आणायला सात कोस चालावं लागू लागलं आणि ज्यांनी पोती ओढ्यात ओतली होती त्यांनाच बहुतेक वेळा जावं लागे.

ठकूबाईला इनामदारांनी झोपडीतून काढलं. येसाबाईनं तिला आपल्या घरी आणलं. येसाबाईचा हात बसला, पण बोटं वळेनात. ती कडुनिंबाखाली बसून नुसतं तोंडानं सांगायची आणि ठकूबाई विणायची. पहिली सुपं वेडीवाकडी झाली.

सुगी आली. येसाबाईच्या हातची असली तरी जुनी सुपं अखेर फाटू लागली होती. धान्य अंगणात पडलेलं आणि पाखडायला काही नाही, म्हणून बायका एकेक करून कडुनिंबाखाली येऊ लागल्या. येसाबाईनं कोणाला परत पाठवलं नाही. पण सूप हातात देण्याआधी ती प्रत्येकीला एकच विचारायची, "तुझ्या दारात त्या दिवशी काय हुतं?"

कोणी खाली बघायची, कोणी रडायची. शेवटी आली हैबतीची बायको. ती म्हणाली, "एक चीर आणि दोन खळगं. मी पुसलं."

येसाबाईनं ठकूबाईच्या हातचं सूप तिच्याकडे सरकवलं. "घेऊन जा," ती म्हणाली. "आणि उद्या सडा घालायच्या आधी रस्त्याकडं एकदा बघ."

त्या दिवसापासून गाव सुधारलं असं मी सांगणार नाही. काही दारांत बायका आता केरसुणी टेकवून घटकाभर रस्ता बघतात, मग झाडतात. बाकीच्या दारांत पूर्वीसारखाच पहाटे लवकर सडा पडतो. येसाबाईची बोटं अजून वळत नाहीत.

तात्पर्य: अपराध्याची गाडी निघून जाते, पण तिची चाकोरी आपल्या दारात राहते, ती पुसणारा त्या अपराधात भागीदार होतो, आणि न पाहिलेलं सांगणारा दुसरा अपराध करतो. म्हणून जेवढं दिसलं तेवढंच सांगावं, आणि ते वेळेवर सांगावं.