तहानलेलं मिठागर

खाडीकाठच्या एका गावात हसुराम नावाचा एक भोळा आगरी राहायचा. भोळा आपलं म्हणायचं, चारचौघांत बरं दिसतं म्हणून. होता ठार ठोंब्या! त्याची बायको गोमी उन्हात राबराबून मिठागर पिकवत होती. वाफ्यांत पांढरंशुभ्र मीठ तयार होतं, ओढायचं तेवढं बाकी. त्यावरच वर्षभर चूल पेटायची होती.

हा पठ्ठ्या एकदा उन्हात भोवळ येऊन पडला. गावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घामातून पाणीही जातं, मीठही जातं. लिंबूपाण्यात मीठ घालून पी."

प्यायला. बरा झाला. वर शहाणाही झाला, तिथंच घात झाला.

घरी सासऱ्याचे पाय सुजलेले. यानं त्यांना तांब्याभर खारं पाणी पाजलं. पाय आणखी टम्म!

"अरे गाढवा!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "मूत्रपिंडावरची ग्रंथी मूत्रपिंडाला सारखी सांगतेय, मीठ धर, मीठ धर. मीठ धरलं की पाणीही साठतं. फुगलेल्याला मीठ बंद, पाणी बेतानं!"

"हां, असं होय!" हसुराम म्हणाला.

दारात शेळी बांधलेली. पोट हे एवढं फुगलेलं. यानं तिचं पाणीच तोडलं. दुपारी शेळी आडवी.

"अरे मठ्ठा, गाभण आहे ती!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "पाणी आटून रक्तात मीठ दाट झालं की मेंदूतली ग्रंथी मूत्रपिंडाला निरोप धाडते, आहे ते पाणी सोडू नको. पण नुसत्या निरोपानं पाणी वाढतं का? ते बाहेरूनच द्यावं लागतं. वाट बघत बसू नकोस, पाणी दे!"

शेळी पाणी प्यायली, उठली. हसुराम धन्य झाला आणि तडक मिठागरावर गेला.

बघतो तर काय, वाफ्यांतलं पाणी पार आटलेलं! मीठ दाट! आणि बिचाऱ्या आगराला निरोप धाडायला एक ग्रंथीसुद्धा नाही! याचा जीव कळवळला. भरती आलेलीच होती. यानं खाडीचं पाणी अडवणारी फळी उपसली. पाणी धो धो आत.

गोमी मीठ ओढायला टोपली घेऊन आली आणि बांधावर मटकन बसली.

"अहो, मीठ कुठं गेलं? वर्षभर खायचं काय आपण?" ती हमसून रडायला लागली.

हसुरामनं मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडतेस कशाला, येडे? वाया थोडंच गेलं? आगराच्या अंगाला लागलं ते!"