राजाचा कडक उपवास

फार पूर्वीची गोष्ट. राज्याचे नाव आता आठवत नाही, आणि राजाला राण्या दोन होत्या की तीन, तेही खात्रीने सांगता येत नाही. राजा मात्र एकच होता आणि तो दोघांच्या मापाचा होता, एवढे नक्की.

एकदा त्याला येताना पाहून त्याचा घोडा खाली बसला. दरबारात कोणी हसले नाही, पण राजाच्या मनाला ते लागले. त्याने राजवैद्याला बोलावले.

"दसऱ्याला मी घोड्यावर बसून सीमोल्लंघनाला गेलो पाहिजे. नाही गेलो, तर राजवैद्य दुसरा बघू."

राजवैद्य विद्वान होता, पण धीराचा नव्हता. सगळ्या पोथ्या दोनदा चाळून तो म्हणाला, "महाराज, धान्य बंद. भात नाही, पोळी नाही, भाकरी नाही."

राजाने शब्द पाळला. तरी श्रावण संपता संपता त्याचा अंगरखा आणखीच घट्ट झाला. राजवैद्याला वाटू लागले, आपण आजवर वाचले ते सगळेच खोटे असावे.

अशात परमुलखातला एक वैद्य आला. "धान्य बिचारं निर्दोष आहे," तो म्हणाला. "तूप बंद करा!"

मग काय, वाद पेटला. निम्म्या गावाने भात सोडला, निम्म्याने तूप. सणावारी दोन पंगती बसू लागल्या आणि एकमेकींच्या पानांकडे बघून नाके मुरडू लागल्या.

शेवटी राजाने दोघा वैद्यांना दरबारात समोरासमोर बसवले. वाद इतका लांबला की राजाला भूक लागली.

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "माझं ताट इथंच आणा."

ताट आले. साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर, शेजारी बटाट्याची भाजी, रताळ्याच्या गोड फोडी आणि वाटीभर शिंगाड्याचा शिरा. वाढायला स्वतः राजमाता.

"आणि वर तूप!" पाहुणा वैद्य पुटपुटला.

राजवैद्य ताटाकडे वाकला. "महाराज... हे रोज?"

"रोज! धान्य बंद म्हणालात ना? श्रावणापासून कडक उपवास चाललाय माझा."

"पण साबुदाणा म्हणजे भाताचा सख्खा भाऊ, महाराज."

"काहीतरीच काय वैद्यबुवा!" राजमाता कडाडल्या. "धान्य असतं तर एकादशीला खाल्लं असतं का आम्ही? बाळानं एक शीत तोंडात घातलं नाही. बघा, कसा सुकलाय!"

सगळा दरबार राजवैद्याकडे बघू लागला. राजाने पथ्य मोडले म्हटले, तर आपली विद्या खरी ठरत होती, पण राजमाता खोट्या ठरत होत्या. आपलेच चुकले म्हटले, तर पद जात होते.

"महाराजांनी पथ्य अक्षरशः पाळलं," तो चाचरत म्हणाला. "चूक माझी. काय खाऊ नका ते सांगितलं. काय खाता, ते विचारलंच नाही."

राजा हातातला घास तसाच धरून थांबला. मग पाहुण्याकडे वळला. "आणि तुम्ही हो? तूप बंद म्हणालात, तेव्हा ताट पाहिलं होतंत?"

पाहुणा पोथीत काहीतरी शोधू लागला.

राजाने राजवैद्याचे पद राखले, आणि शिक्षा म्हणून त्याला रोज आपल्यासमोर जेवायला बसवले. दसऱ्याला राजा घोड्यावर चढला. घोड्याने मान वळवून नीट पाहून घेतले, पण तो खाली बसला नाही. हे खिचडी आटोक्यात आल्याने झाले, की वैद्य टक लावून बघत असताना राजाला घास जाईना म्हणून झाले, हे राजवैद्याला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

एक गोष्ट मात्र त्याने पुष्कळ वर्षांनी, समुद्रापलीकडून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून पक्की करून घेतली. साबुदाणा कंदाच्या पिठापासून करतात. तो खरोखरच धान्य नव्हे. शब्दापुरत्या राजमाता बरोबर होत्या.

तात्पर्य: धान्य वाईट की तूप, ते विद्वान सावकाश ठरवोत, त्याआधी कोणीतरी ताटात डोकावून पाहावे.