दोन टोल

“पण अण्णा, ते दोन टोल गेले कुठे?”

डॉक्टर विद्याधर मगदूम हे तिसऱ्यांदा विचारत होते. त्यांचे गुरू नेमगोंडा पंडित, म्हणजे अण्णा, ओसरीवर बसून सुपात शेंगा सोलत होते.

आदल्या दिवशी गावच्या जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मंडपात डॉक्टरांनी आपलं पहिलं अष्टावधान केलं होतं. अष्टावधानात आठ जण आठ बाजूंनी येतात. कोणी श्लोक रचायला सांगतो, कोणी गुणाकार घालतो, कोणी पाठीवर फुलं टाकतो, कोणी मधेच भलतं काहीतरी विचारतो. एक जण मनाला येईल तेव्हा घंटेचा टोल देतो. अवधान करणाऱ्यानं सगळं मनात धरायचं आणि शेवटी ज्याचं त्याला अचूक परत करायचं.

डॉक्टरांनी सात जणांचं परत केलं. स्मरणशक्तीचे डॉक्टर स्वतः छत्री विसरतात का, या भलत्या प्रश्नालाही, विसरतो म्हणून तर दुसऱ्यांना तपासतो, असं उत्तर देऊन त्यांनी सभा हसवली.

टोल मात्र एकवीस पडले होते. ते एकोणीस म्हणाले.

मी त्या सकाळी शेजारीच अण्णांच्या पोथ्यांची यादी करत बसलो होतो. दोघांचं बोलणं मी जसंच्या तसं मांडतो आहे की नाही, याची मला आजही खात्री नाही. पण ते माझ्या कानावर पडलं, हे माझं भाग्य.

डॉक्टरांनी तीस वर्षं मेडिकल कॉलेजात मेंदू शिकवला होता. कान कधी बंद नसतो, हे ते अण्णांना समजावू लागले. आवाज आत पोचतोच. पण मेंदूला एका वेळी सगळ्यांना जागा देता येत नाही. कपाळामागचा भाग निवड करतो, हे घे, ते राहू दे. ती निवडच ढिली पडायला लागली, तर...

“म्हणजे तुमचा द्वारपाल म्हातारा झाला,” अण्णा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत.

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी बोलता बोलता आकडे सुटायचे. मग नावं. शेवटी शेवटी ते धाकट्या भावालाच विचारायचे, आपण कोणाकडे आलात? डॉक्टर आता सदुसष्टचे होते. भावाचं सुरू झालं तेव्हा तेही सदुसष्टचेच होते.

“मी अवधान सोडतो, अण्णा. पुढे सभेत शोभा व्हायच्या आधी सोडलेलं बरं. दोन वर्षं तुम्ही मला सांभाळून घेतलंत. इतकं कोणी...”

ते पाया पडायला वाकले.

अण्णांनी पाय आत ओढून घेतले.

“कुठल्या वेळचे टोल सुटले?”

ते डॉक्टरांनी घंटेवाल्याला विचारून घेतलं होतं. तिसऱ्या फेरीतले. दोन्ही लागोपाठ.

“तेव्हा काय करत होतात?”

“श्लोकाचा तिसरा चरण जुळवत होतो. तेवढ्यात नजर भरकटली.”

“कुठे?”

“बायकांच्या बाजूला. खांबापाशी.”

“काय दिसलं?”

डॉक्टरांनी डोळे मिटले.

“हिरव्या काठाचं लुगडं. सत्तरीच्या बाई. वरच्या ओठावर घाम. डावा हात टेकायला जमीन शोधत होता, पण सापडत नव्हती. आता कलणार असं वाटलं, म्हणून शेजारच्या मुलीला बोटानं खूण केली. तिनं धरलं त्यांना. बस, एवढंच. मग मी परत श्लोकावर आलो.”

“श्लोक तुटला?”

“नाही.”

“फुलं?”

“चौदा. बरोबर निघाली.”

अण्णांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

“मंडपात आणखी कोणाचं लक्ष होतं का हो त्या बाईकडे?”

“नाही... सगळे माझ्याकडे बघत होते.”



मग अण्णांनी सांगितलं, त्या चंपाबाई. तीन दिवसांचा उपास होता त्यांना आणि घरी कोणाला त्रास सांगायची सवय नाही. सकाळी त्यांचा मुलगा येऊन गेला. खांबाच्या दगडापासून डोकं वीतभर राहिलं होतं म्हणाला. त्याला डॉक्टरांना भेटायचं होतं, पण ते अजून आले नव्हते, म्हणून तसाच परत गेला.

अण्णांनी सूप बाजूला सारलं. भिंतीचा आधार घेत ते उभे राहिले. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला उठायला वेळ लागला. मग त्यांनी डॉक्टरांना दोन्ही हात जोडले.

“अण्णा, हे काय... मी शिष्य आहे तुमचा.”

अण्णांनी हात खाली घेतले नाहीत.

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. चेहरा निवळला होता. तरी मनातली भीती पुरती जाईना. अखेर अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलंच.

“पण अण्णा... घंटा?”

अण्णा खाली बसले. सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“घंटा ऐकायला मंडपात दोनशे माणसं होती, डॉक्टर.”