तापलेली कुंडी

"मी खोटं बोललो का, आप्पा?"

भरमूनं विचारलं, पण मान वर केली नाही. समोरच्या चिनी मातीच्या कुंडीत पाणी होतं आणि त्यात तो बाटलीतलं तेजाब सोडत होता. चांदीची पैंजणं उजळायची होती.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. पाडव्यापासून कारखाना भरमूच्या हाती द्यायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आता अंगात बळच राहिलं नव्हतं. आणि आज सकाळी ह्या भरमूनं गिरप्पाला, आयुष्यभर इथं डाख लावून दागिन्यांचे सांधे जोडत बसलेल्या माणसाला, चार जणांत म्हटलं होतं, "मामा, तुम्हाला दिसत नाही. घरी बसा."

गिरप्पा चिमटा ठेवून निघून गेला होता.

"खोटं नाही," आप्पा म्हणाले. "दिसत नाहीच त्याला."

"मग माझं काय चुकलं?"

आप्पांनी बाटलीकडं बोट केलं.

"हे भेसळीचं आहे?"

"छे. अस्सल आहे."

"मग पाणी कशाला?"

"काय आप्पा, पोराला विचारल्यासारखं… तसंच वापरलं तर काम नासेल की."

बोलता बोलता त्याच्या हातातली बाटली जास्तच कलली. धार जाड झाली. कुंडीत चरचरलं, शिंतोडे उडाले, वाफ आली.

"थांब."

आप्पा गुडघ्यावर हात टेकत उठले. उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी कुंडीला बाहेरून तळवा लावला…

"आता तू लाव."

भरमूनं हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"तापली."

"कुणी तापवली?"

"मीच. घाई केली."

"पाण्यानं काही केलं?"

"पाणी काय करणार बिचारं…"

भरमू मध्येच थांबला. कुंडीवरची वाफ विरत गेली.

मग भरमूनं बाटलीला बूच लावलं. हात धुतले, पंच्याला पुसले.

"मामांकडं जाऊन येतो."

"जा."

तो दारापर्यंत गेला आणि तिथंच अडला.

"पण त्यांना सांगू काय, आप्पा? तुम्हाला दिसतं म्हणू, तर ते खोटं. दिसत नाही म्हणू, तर…"

आप्पा पुन्हा भिंतीला टेकले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोप लागली की काय, असं भरमूला वाटलं…

"काही सांगू नको. त्याच्या दारात बस, आणि प्यायला पाणी माग."