गरुडाने दिलेला आशीर्वाद

“म्हणजे अकरा हजार माणसं चुकली आणि तू एकटी बरोबर?”

रोशनचा आवाज चढला होता. भामाआजी अंगणात कुळीथ पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

“मी एवढंच म्हटलं, उद्या राईत कुणी जायचं नाही.”

“उद्या देवराई महोत्सव आहे. तिसरं वर्ष!”

“उद्या पाळणूक आहे. वेशीवर नारळ ठेवायचा नि मागे फिरायचं. मिरग लागेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.”

पाखरांचे आवाज रोशन या आजीकडूनच शिकला. आता तो राईच्या नावाने फोनवर अकरा हजार माणसांचा ग्रुप चालवतो. राईबद्दल काही विचारायचं तर लोक आजीकडे येत नाहीत, तिथे विचारतात.

“पाळणूक कुणाला आठवते सांग. पुजारीसुद्धा परवा ग्रुपवर म्हणाला, या दिवशी राईत पूर्वापार जत्रा भरते.”

“तीन वर्षांत पूर्वापार झालं? माझ्या नातीने पाळणुकीचं लिहिलं होतं तिथे. ते तू पुसलंस.”

“वातावरण बिघडतं, आजी. चारचौघांना जे आठवतं तेच शेवटी खरं.”

“बरं. तुला काय आठवतं?”

त्याने अभिमानाने फोन पुढे केला. गेल्या वर्षीचा फोटो. मोठ्या बेहड्याच्या झाडाखाली चारशे माणसं, आणि वर घिरट्या घालणारा धनेश. आमच्याकडे त्यालाच गरुड म्हणतात. खाली लिहिलेलं : ‘गरुडाने दिला आशीर्वाद’.

“तीन तास डोक्यावर फिरत होता! उद्याही येईल म्हणून पुण्याहून माणसं निघालीत.”

पाखराला दुसरा उद्योग नसतो, असं माणसांनाच वाटतं.

आजीने पदराला हात पुसले.

“मोठा कर.”

त्याने केला.

“अजून. चोच दाखव.”

चोचीत उंबर होतं.

“तीन तास फिरला... आणि खाल्लं नाही?”

रोशनने पुन्हा चोचीकडे पाहिलं.

“मादी कुठे असते रे या दिवसांत?”

त्याला ठाऊक होतं. मादी झाडाच्या पोकळीत स्वतःला लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. नर भरवील तेवढंच तिच्या पोटात जातं. आणि खाली माणूस उभा असेल तर नर झाडावर उतरत नाही.

“बेहड्याला पोकळी आहे...” तो हळूच म्हणाला. “माइक तिथेच लावला होता आम्ही.”

आजीने सूप उचललं. फोल उडत राहिलं.

“वाचली का ती?” रोशनने विचारलं.

आजीचं सूप हलत राहिलं.

“आजी, बोल की गं.”

“तीन वर्षं तूच बोलतोयस, मेल्या. मी कशाला बोलू?”

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, “फोटो काढून टाकतो.”

“फोटो राहू दे. त्यात उंबर आहे. खाली तू लिहिलंस ते काढ.”

“आणि उद्या? माणसं निघालीत, आजी. मी माझ्या नावाने बोलावलंय. त्यांना काय तोंड दाखवू? काय सांगू?”

आजीने पाखडलेले कुळीथ टोपलीत ओतले.

“सांग, बोलावणं कायम आहे. यायचं तेवढं नाही.”