सुपाची जागा

भातगिरणीत तांदूळ निवडायला डोळ्यांचं यंत्र आलं, त्या सालची ही गोष्ट. काळा, पिवळा दाणा दिसला की यंत्र फुंकर मारून उडवायचं. हाताने निवडणाऱ्या सुंद्राबाईंना मालकाने काम सोडायला आठवड्याची मुदत दिली आणि त्यांचं सूप खिळ्याला लागलं.

"माझी दिवसाला शंभर पोती होतात. तुझी?" यंत्राने विचारलं.

"एक," सूप म्हणालं. "बाई, मला खाली काढा. याच्या प्रत्येक पोत्यातला पसाभर तांदूळ माझ्यात घाला."

तीन दिवस सुंद्राबाईंनी सुपात तांदूळ घोळला. काहीच निघालं नाही. यंत्र हसायचं, सूप हट्टाने म्हणायचं, "आजही घोळा."

चौथ्या दिवशी तांदूळ एका बाजूला सरकला आणि सुपात तीन खडे उरले. मालकाने ते तळहातावर घेतले.

यंत्र गडबडलं. "पण ते तर तांदळासारखेच पांढरे होते!"

"पांढरे होते, पण जड होते," सूप म्हणालं. "तुला नुसता रंग शिकवलाय."

यंत्र हळूच म्हणालं, "जड कसं ओळखायचं, मला शिकवशील?"

"शिकवीन की. पण खिळ्यावरून नाही," सूप म्हणालं. "बाई, पाट घ्या. आजपासून आपण याच्या तोंडाशी बसायचं."