जिवतीच्या मांडीवरचं मूल

एकदा एक वृद्ध ठसेकार आणि त्याचा शिष्य श्रावणाच्या तोंडावर जिवती छापायचा नवा लाकडी ठसा करायला बसले. जिवती ही मुलांना जपणारी देवी. मांडीवर मूल घेतलेलं तिचं चित्र श्रावणात घरोघरी भिंतीवर लागतं आणि आया त्याची पूजा करतात. त्या वृद्धाला सारे आबा म्हणत. आबांचा जुना ठसा इतका झिजला होता, की देवीचं नाकच गेलं होतं. 'आबांची जिवती आता आबांसारखीच दिसायला लागली,' असं लोक म्हणत. तेव्हा आबांनी रंधा मारलेली सागवानी फळी शिष्यापुढे ठेवली आणि ते म्हणाले, "आकृती तू काढ. माझा हात आता कापतो."

शिष्य म्हणजे काही कोवळा पोर नव्हे. चाळिशीला आलेला, अकरा वर्षं त्या ओट्यावर बसलेला गृहस्थ. सहा महिन्यांपूर्वी त्याची चार वर्षांची एकुलती मुलगी, रेवती, तीन दिवसांच्या तापात गेली होती. तिचं एकही चित्र घरात नव्हतं. लोकांच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं देव छापणाऱ्या बापाला आपल्या पोरीला कागदावर उतरवायचं कधी सुचलंच नाही. हलवायाच्या घरी उपास घडावा, तसंच हे.

जिवतीच्या मांडीवर रेवतीच बसणार, असं त्याने मनाशी ठरवलं. पहिल्या कागदावर डोळे जमले, हनुवटी चुकली. हनुवटी नीट केली, तर डोळे भलत्याच मुलाचे झाले. त्याने खोडलं, पुन्हा काढलं. कारागिराची ही एक वाईट खोड असते. रेघ जितकी चुकते, तितका तो हट्टाने तिच्या मागे लागतो. असे सतरा कागद झाले. 'करायला गेला गणपती आणि झाला मारुती' म्हणून हसावं, अशी ही गोष्ट नव्हती. कारण सतराव्या कागदानंतर त्याने डोळे मिटले, तेव्हा त्याला रेवती दिसलीच नाही. दिसलं ते त्याने काढलेलं चित्र. तो भयंकर घाबरला. पोर एकदा गेली होती, आता दुसऱ्यांदा चालली होती आणि या वेळी त्याच्याच हातून.

तो कागद त्याने घरी नेऊन बायकोपुढे धरला.

"ही ती नव्हे," ती म्हणाली.

"काय चुकलंय? नाक? कपाळ?"

तिने बराच वेळ पाहिलं. "नाही सांगता येत. मलासुद्धा आता नीट आठवत नाही हो," असं म्हणून पदर तोंडाला लावून ती आत गेली. त्या घरात रेवतीचा चेहरा आता कुणाजवळच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने अठरावी आकृती थेट लाकडावरच काढली आणि कोरायला घेतली. कागदावरचं चुकलेलं खोडता येतं. लाकडातून निघालेली ढलपी परत बसत नाही. हे पक्कं ठाऊक असूनही तो कोरता कोरता सुधारत राहिला. एका गालाची रेघ जाड वाटली, म्हणून त्याने ती तासली. मग दुसरा गाल जड दिसू लागला, तोही तासला. दिवस कलेपर्यंत मुलाचा चेहरा दुखणाइतासारखा ओढलेला दिसू लागला. त्याने हत्यार खाली टाकलं. "आबा, माझ्याने आता होत नाही," तो म्हणाला.

आबा उठले. त्यांनी फळी ओढून घेतली, रुंद कोरणी उचलली आणि मुलाचा चेहरा तासून काढायला सुरुवात केली.

"आबा! माझी पोर आहे ती!" शिष्य ओरडला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं.

आबांनी ते हळूच सोडवून घेतलं. कापत्या हाताने त्यांनी मुलाचं डोकं, धड, पाय, सारं सारं कोरून टाकलं. शिष्य भिंतीला कपाळ टेकून रडत राहिला. मग आबांनी ठशाला शाई लावली, त्यावर कागद दाबला आणि उचलून त्याच्यापुढे धरला. जिवती बसलेली होती. तिचा हात वाकलेला होता, आणि त्या वाकलेल्या हातात नुसता पांढरा कागद होता.

"हा बाजारात जायचा नाही," आबा म्हणाले. "रिकाम्या मांडीची जिवती कुणाच्या भिंतीवर लावू नये. बाजाराला आपली नकटी आहेच. हा तुझ्यासाठी काढला. तुझे सतराही कागद मी पाहिलेत. चेहरा तू सतरा वेळा बदललास. पण हा हात बघ. याची एक रेघसुद्धा तू कधी खोडली नाहीस. चेहरा माणूस डोळ्यांनी धरतो, आणि तो सुटतो. माझ्या आईचा सुटला, थोरल्या मुलाचा सुटला. तुझ्या पोरीचा परत येईल, असा खोटा धीर मी देणार नाही. पण ज्या हाताने भार पेलला, त्याला आठवावं लागत नाही. पोरीला तिथे शोध."

मग ते म्हणाले, "आणि एक. ठसा कागदावर उलटा उमटतो, हे विसरून तू लाकडावर सुलटंच काढलंस. डाव्या हाताचा उजवा झालाय. असू दे."

शिष्याला त्यातलं काहीच पटलं नाही. त्याला चेहरा हवा होता. केवळ आबांचा मान राखायचा म्हणून तो कागद घेऊन घरी गेला.

रिकामी जागा बघून बायको कोसळेल, अशी त्याला धास्ती होती. पण ती जिवतीच्या हाताकडेच बघत राहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे साफ चुकलंय," ती म्हणाली. "या हातावर ती कधी झोपायचीच नाही. तिला हा लागायचा." तिने आपला डावा हात वाकवला. "डोकं इथं, कोपराच्या खोबणीत. आणि पाय असे बाहेर."

"हो," तो म्हणाला. "उजवीकडे घेतली की रडून घर डोक्यावर घ्यायची."

बोलता बोलता त्याचाही डावा हात वाकला होता. चेहरा त्या दिवशी दोघांनाही दिसला नाही; पुढेही कधी दिसला नाही. पण शेवटी शेवटी ती किती जड झाली होती, हे ती दोघं रिकामे हात तसेच धरून कितीतरी वेळ एकमेकांना सांगत बसली.